थांबलेल्या विमानाखाली न्यूयॉर्क येत नाही

'पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना विमानाला उलटं झगडावं लागतं आणि सोळा तास जातात. येताना पृथ्वीच ढकलते, म्हणून चौदा. विमान नुसतं हवेत थांबवलं तर दहा तासांत अमेरिका आपोआप खाली येईल. पण धंदा बुडेल म्हणून कंपन्या हे लपवतात, वर मुद्दाम उत्तरेकडून वळसा घालून पैसे उकळतात.' हा फॉरवर्ड माझ्या मावशीपर्यंत पोहोचला आणि तिने न्यूजर्सीतल्या लेकाला 'सरळ जाणाऱ्या विमानाचं तिकीट काढ' म्हणून धारेवर धरलं. आता लिहिणं भाग आहे.

थांबलेल्या विमानापासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यांत जास्त अंगठे त्यालाच पडलेत. थांबून अमेरिका खाली येत असेल, तर पश्चिमेकडे उडणाऱ्या विमानाने तिला आणखी लवकर गाठायला हवं. मग जाताना सोळा तास कसे? एकाच निरोपातली दोन वाक्यं एकमेकांना खोटं पाडतायत, आणि पुढे ढकलणाऱ्यांपैकी कोणाला त्याचं काही नाही. विमान उडतं हवेत, आणि हवा पृथ्वीबरोबरच फिरते. फिरत नसती तर मुंबईवर पूर्वेकडून कायम ताशी सुमारे 1,580 किलोमीटरचा वारा आदळला असता. गच्चीवरचे पापडच काय, गच्चीही राहिली नसती.

बरं, हवा विसरू. तरी खाली काय येईल? तुम्ही थांबलात मुंबईवर, म्हणजे 19 उत्तर अक्षांशावर. खालून जाणार ती त्याच अक्षांशावरची ठिकाणं. न्यूयॉर्क आहे जवळपास 41 वर. दहा तासांनी खिडकीतून दिसेल तो जमैकाजवळचा समुद्र. मावशीला घ्यायला तिथे कोण येणार?

जाण्यायेण्याच्या वेळात फरक पडतो, हे खरं. पण तो वाऱ्यामुळे. दहाएक किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा जोरदार झोत वाहतो. येताना तो पाठीशी, जाताना तोंडावर. फेब्रुवारी 2020 मध्ये, सियारा वादळाच्या वेळी, ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोहोचलं. एरवी साडेसहा-सात तास लागतात. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी 1,300 किलोमीटरच्या वर गेला होता. त्या रात्री पृथ्वीला काय घाई झाली होती का? ती रोज तेवढ्याच वेगाने फिरते. झोत मात्र हिवाळ्यात जोर धरतो, उन्हाळ्यात मंदावतो. आता हे वारे पूर्वेकडे वळतात ते पृथ्वीच्या फिरण्यामुळेच, एवढं मान्य करतो. नाइलाजाने.

वळशाबद्दल थोडक्यात. शाळेतल्या सपाट (मर्केटर) नकाशावरची सरळ रेघ गोल पृथ्वीवर जवळची वाट नसते. त्या रेघेने न्यूयॉर्क सुमारे 14,200 किलोमीटर पडतं. खरी जवळची वाट 65 अक्षांशाच्या आसपास उत्तरेला चढते आणि सुमारे 12,500 किलोमीटरमध्ये पोहोचवते. घरात पृथ्वीगोल असेल तर दोरा ताणून बघा. खरे वळसेही पडतात, पण ते हवाई हद्द बंद झाल्यावर. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या एअर इंडियाच्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नात उतरावं लागलं. त्यात कंपनीचा खर्चच वाढला. इंधन स्वतःच्या पैशाने भरणारा मुद्दाम लांबून कशाला जाईल?