स्वायत्तता म्हणजे फुटीरता नव्हे

‘द्रमुकला वेगळा देश हवा होता. 1963 च्या घटनादुरुस्तीने ती वाट बंद झाली, म्हणून त्यांनी राज्यांच्या स्वायत्ततेचा बुरखा घेतला आणि हिंदीद्वेषावर सत्ता मिळवली.’ तमिळनाडूतल्या द्रमुक पक्षाबद्दलचा हा मजकूर सगळीकडे फिरतोय. त्यातलं पहिलं वाक्य खरं आहे, म्हणूनच पुढचं सगळं लोकांना पटतं.

द्रमुकचे संस्थापक अण्णादुरै यांनी 1962 मध्ये राज्यसभेत द्रविडनाडूची, म्हणजे दक्षिणेतल्या वेगळ्या देशाची मागणी उघडपणे मांडली होती. ते लपवायचं कारण नाही. सोळाव्या घटनादुरुस्तीचा दबावही होताच, कारण निवडणूक लढवणाऱ्या उमेदवाराला देशाच्या अखंडतेची शपथ घेणं भाग पडलं. पण ही दुरुस्ती ऑक्टोबर 1963 ची. त्याआधी वर्षभर, चीनने हल्ला केला तेव्हाच अण्णादुरैंनी मागणी बाजूला ठेवून सरकारला पाठिंबा दिला होता. हा क्रम त्या मजकुरातून गाळलेला असतो.

आता ‘बुरखा’. सत्तेवर आलेल्या द्रमुकने 1969 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश राजमन्नार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 1971 च्या अहवालात तिने काय मागितलं? राज्य सरकार हटवून राष्ट्रपती राजवट लावू देणारं कलम 356 रद्द करा, करांतला राज्यांचा वाटा वाढवा, आणि पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखाली आंतरराज्य परिषद स्थापन करा. ज्याला घर सोडायचंय तो घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवायची मागणी कशाला करेल? ही परिषद पुढे 1990 मध्ये स्थापन झालीच. आणि 356 ची झळ एकट्या तमिळनाडूला बसलेली नाही. 1980 मध्ये शरद पवारांचं सरकार याच कलमाने गेलं.

सत्ता फक्त हिंदीविरोधावर मिळाली, हेही अपुरं आहे. 1965 चं हिंदीविरोधी आंदोलन मोठं होतं, पण त्याआधी 1962 मध्येच पक्षाचे 50 आमदार होते. 1967 मध्ये 234 पैकी 137 जागा आल्या त्या तांदळाच्या टंचाईत, रुपयाला तीन पडी (तिकडचं धान्याचं माप) तांदूळ देण्याच्या आश्वासनावर आणि राजाजींच्या उजव्या ‘स्वतंत्र पक्षा’पासून मार्क्सवाद्यांपर्यंत जुळवलेल्या आघाडीवर.

एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. 1974 पूर्वी राज्यांच्या राजधानीत 15 ऑगस्टला झेंडा राज्यपाल फडकवत. लोकांनी निवडलेल्या मुख्यमंत्र्याला तो मान मिळावा, ही मागणी द्रमुकचे तेव्हाचे मुख्यमंत्री करुणानिधींनी इंदिरा गांधींकडे लावून धरली आणि ती मान्य झाली. आज मुंबईत मंत्रालयासमोर मुख्यमंत्री तिरंगा फडकवतात, तो हक्क या ‘फुटीर’ पक्षाने मागून घेतलेला आहे.