वॅट नावाच्या माणसांसाठी

'गेम ऑफ थ्रोन्स' मालिका २०१९ला संपली, तरी आमच्या ग्रुपवर वाद चालूच. वेस्टरॉस या तिथल्या काल्पनिक राज्याच्या गादीवर खरा हक्क कुणाचा? परवा मी विचारलं, की त्या राज्यातल्या शेतकऱ्याला याने काय फरक पडणार होता? कुणी उत्तरच दिलं नाही. म्हणून इथे लिहिते.

आठवून बघा. स्टार्क घराण्यातली कॅटलिन लॅनिस्टर घराण्यातल्या टिरियनला पकडते. भांडण दोन बड्या घराण्यांचं. पण टिरियनचा बाप टायविन बदला कुठे घेतो? नदीकाठच्या गावांत. त्याची माणसं निशाण न लावता येतात, गावं जाळतात आणि जातात. वाचलेले लोक राजधानीत येऊन नेडसमोर, म्हणजे कॅटलिनच्या नवऱ्यासमोर, उभे राहतात; तो तेव्हा राजाचा कारभारी असतो. त्यांनी कुणाला पकडलं नव्हतं, कुणाला सोडलंही नव्हतं. आणि त्या जगात हिवाळा काही वर्षं चालतो. तिथे उभं पीक जाळलं म्हणजे एक हंगाम गेला असं नाही, कणगीच गेली. लढाईत मेलेल्यांची गाणी होतात, पुढच्या हिवाळ्यात उपाशी मेलेल्यांची कोण मोजदाद ठेवतं?

याच जगातली, मूळ कादंबऱ्यांचे लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची 'द स्वॉर्न स्वॉर्ड' ही २००३ची दीर्घकथा मात्र जरूर वाचा. दुष्काळ पडलाय. वरच्या अंगाची जमीनदारीण रोहॅन ओढ्याला बांध घालते, खालच्या सर युस्टेसचं पाणी तुटतं. तो ओढा पूर्वी युस्टेसच्याच घराण्याचा. त्याने बंडात हरणाऱ्याची बाजू घेतली म्हणून राजाने काढून घेतला. म्हणजे चूक धन्याची आणि कोरडं पडलं कुळांचं शेत.

हे वाचताना मी थांबले. आमचं शेत पाटाच्या टेलला. पाळी आली की बाबा रात्री दोनला बॅटरी आणि फावडं घेऊन दारं धरायला जायचे. कधी पाणी यायचं, कधी वरच कुणीतरी फोडलेलं असायचं. पहाटे कोरड्या पायांनी परत आलेले बाबा मी पाहिलेत. आई काही न विचारता चहा ठेवायची.

कथेत पुढे युस्टेस गावातून माणसं गोळा करतो. कधी भाला न धरलेली. त्यात वॅट नावाचेच एकापेक्षा जास्त! युस्टेसच्या पदरी असलेला भटका सरदार डंक त्यांना कवायत शिकवायला लागतो आणि त्याला कळून चुकतं की ही माणसं लढणार नाहीत, नुसती मरणार आहेत. तो त्यांना लढायला नेतच नाही. त्याआधी त्याच्याच बाजूच्या एका सरदाराने बांधावर खणणाऱ्या मजुराचा गाल कापलेला असतो. त्याची भरपाई म्हणून डंक ओढ्यात उभा राहून स्वतःचा गाल सुरीने चिरतो. एका खणणाऱ्याच्या गालाची किंमत सरदाराच्या गालाइतकीच! ड्रॅगनच्या सगळ्या लढायांपेक्षा मला हे पान मोठं वाटतं.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं पत्र आठवा. कुणी कुणब्याचे दाणे आणील, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी भाजी, असं होऊ देऊ नका, हे एक राजा आपल्याच सैन्याला बजावतोय. पेटती वात उंदराने नेली तर गवताची गंजी जळेल, इथवर काळजी! मला राजा तोलायचा असला की मी ते पत्र काढते. वेस्टरॉसच्या गादीवर बसायला निघालेल्यांपैकी किती जणांनी असं एक पत्र लिहिलं असतं, ते तुम्हीच सांगा. वादच घालायचा तर यावर घालू.

बाबांना ही कथा मी फोनवर सांगितली. ड्रॅगन वगळून, ओढा, बांध, गावातली माणसं, एवढंच. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पाऊस झाला का त्यांच्याकडं?"

झाला, बाबा. अगदी शेवटी झाला.