सुपीरियरमधला हिमयुगाचा थेंब शोधून दाखवा

‘उत्तर अमेरिकेच्या पाच महासरोवरांत हिमयुगातलं वितळलेलं पाणी जसंच्या तसं साठून आहे. दरवर्षी जेमतेम एक टक्का नवं येतं. म्हणून ते जगात सर्वांत शुद्ध, फार तर उकळून प्या. मोठी सरोवरं सगळी हिमनद्यांनीच कोरलेली असतात.’ हा फॉरवर्ड तिकडे शिकायला निघालेल्या भाचीपर्यंत पोचला, म्हणून लिहिणं आलं.

खड्डे बर्फाने कोरले, हे खरं. पण म्हणून आतलं पाणीही बर्फाचंच? अमेरिकेच्या ईपीएने (सरकारी पर्यावरण संस्था) कॅनडा सरकारबरोबर काढलेल्या ग्रेट लेक्स ॲटलासमध्ये सरोवरातलं पाणी बदलायला लागणारा काळ दिलाय: पाचांपैकी सुपीरियर १९१ वर्षं, ईरी २.६ वर्षं. सुपीरियर वसंतात आणि शरदात ४ अंशांच्या आसपास वरखाली ढवळून निघतं, त्यामुळे जुनं पाणी तळाशी लपून बसत नाही. नवं पाणी जुन्यात मिसळतं आणि बाहेर जातं ते मिश्रण, म्हणून १९१ वर्षांच्या हिशेबाने दर १३२ वर्षांनी जुनं पाणी निम्मं होतं. बर्फ हटून सुमारे १०,००० वर्षं झाली, म्हणजे ७५ वेळा निम्मं. सुपीरियरमध्ये १२,१०० घन किलोमीटर पाणी मावतं. ते ७५ वेळा अर्धं करत जा, अख्ख्या सरोवरात मिळून एक थेंबसुद्धा उरत नाही. ईरीचं गणित मांडायचीही गरज नाही.

एक टक्क्याचा आकडा साधारण बरोबर आहे, नाइलाजाने मान्य. बेसुमार उपसा नको, एवढंच त्यातून निघतं. वर्षाला एक टक्का म्हणजे शंभर वर्षांत सरोवरभर नवं पाणी, हे फॉरवर्डवाल्याला सुचलं नाही.

‘सगळी हिमनद्यांनीच’? सायबेरियातलं बैकल (१,६४२ मीटर खोल) आणि आफ्रिकेतलं टांगानिका ही सरोवरं खचदऱ्यांत, म्हणजे भूकवच ताणून खचल्याने झालेल्या दऱ्यांत आहेत. खुद्द सुपीरियरखाली ११० कोटी वर्षांपूर्वीची खचदरी आहे. बर्फाने तीच जागा आणखी खरवडली.

आता ‘उकळून प्या’. यातच खरा धोका आहे. ईरीचं पश्चिम टोक उथळ, त्यात मॉमी नदी शेतांतला फॉस्फरस आणून ओतते आणि उन्हाळ्यात नील-हरित शैवाल माजतं. ऑगस्ट २०१४ मध्ये ईरीकाठच्या टोलेडो शहराच्या नळाच्या पाण्यात त्याचं मायक्रोसिस्टिन हे विष सापडलं. चार लाखांहून अधिक लोकांना पाणी पिऊ नका, उकळूही नका, असं सांगावं लागलं. उकळल्याने हे विष मोडत नाही. उलट पाणी आटतं, विष तेवढंच राहतं, म्हणजे प्रत्येक पेल्यात जास्त. सरोवरातलं कच्चं पाणी असेल तर शैवालाच्या पेशी फुटून आतलं विषही बाहेर येतं. जलशुद्धीकरण केंद्रं ते सक्रिय कार्बनची पूड घालून काढतात. घरच्या पातेल्यात ते होत नाही. ‘पाणी पिऊ नका’ अशी सूचना निघाली की बाटलीबंद पाणीच घ्यायचं.