मिठागरवाल्याचे पुढे काय झाले?

मे महिन्यात पुण्याहून आलेली माझी भाची परत जाताना एक जाडजूड इंग्रजी कादंबरी माझ्या उशाशी ठेवून गेली. "मावशे, ह्यां वाच आणि माका सांग," एवढेच तिचे म्हणणे. पऱ्यांचा राजा आणि माणसाची मुलगी यांच्या प्रेमाची ही गोष्ट असून हा तिचा दुसरा भाग आहे. पहिला भाग तिने गेल्या गणपतीत मला वाचायला लावला होता आणि तो मी, खोटे कशाला बोलू, दोन रात्रींत संपवला होता. पुस्तकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझी तक्रार या एकाच लेखिकेबद्दल नाही. याच धाटणीची आणखी तीन-चार पुस्तके तिच्याच कृपेने वाचून झाली आहेत आणि त्यांचे दुसरे भाग नेमके एकाच ठिकाणी पाय घसरून पडलेले मी पाहिले आहेत.

पहिल्या भागात राजाने राणीला दिलेली एक भेट होती. राणीचा महाल समुद्राकाठी, आणि लाटांच्या आवाजाने तिला झोप लागत नाही, म्हणून राजा आपल्या मंत्रबळाने भरतीला दोन कोस अलीकडेच थोपवून धरतो. ते प्रकरण वाचताना मीही सुस्कारा टाकला होता. दुसऱ्या भागात तिसऱ्याच प्रकरणात दरबार भरतो आणि सरहद्दीवरच्या माणसांच्या वस्तीतला एक मिठागरवाला राणीसमोर येऊन उभा राहतो. त्याच्या मुठीत चिखलाने काळे पडलेले मूठभर मीठ आहे. तो रडत नाही, ओरडत नाही. मूठ उघडून ते मीठ संगमरवरी पायरीवर ठेवतो आणि म्हणतो की भरती येत नाही तेव्हापासून यापेक्षा जास्त पिकलेले नाही. राणी खाली वाकून ते मीठ बोटाने चाचपून पाहते आणि "मी लक्ष घालते" असे सांगते.

मी सिंधुदुर्गातल्या शिरोड्याची. ज्या मिठासाठी १९३० साली आमच्या गावात सत्याग्रह झाला, ते मीठ पिकते कसे हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. भरतीचे पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, आत घ्यायचे, या वाफ्यातून त्या वाफ्यात फिरवत उन्हाने आटवत न्यायचे, शेवटच्या वाफ्यात दाणा धरला की फळीने ओढून ढीग करायचे, आणि मृगाच्या आधी सगळे उचलून झाकून ठेवायचे. एका उधाणाचे पाणी कमी पडले तर पुढचा सगळा हिशेब चुकतो. त्यामुळे त्या पायरीवर ठेवलेल्या मुठीने मला अक्षरशः बसवून ठेवले. राजाची भेट आणि रयतेची भाकर यांचा असा उघड सामना परीकथेत मी पूर्वी वाचला नव्हता, आणि आता ही लेखिका यातून वाट कशी काढते हे पाहायला मी उत्सुक होते. राजाने भरती सोडावी तर दिलेले वचन मोडते, आणि या पऱ्यांच्या जगात वचन मोडणाऱ्याची शक्ती ओसरते. न सोडावी तर वस्ती उठते. राणी तर त्याच वस्तीतली; माहेर तिचे.

पुढची चारशे पाने मी त्या मिठागरवाल्याची वाट पाहिली. तो आला नाही. त्याच्याऐवजी एक कारस्थानी मंत्री आला, एक विषाची कुपी आली, शेजारच्या परीराज्यातली एक राजकन्या तहासाठी नवरी म्हणून आली आणि एक लोखंडी अंगठी आली. (लोखंडाचे मला नवल वाटले नाही. युरोपातल्या पऱ्यांना लोखंड सोसत नाही आणि आमच्याकडे बाळंतिणीच्या उशाखाली विळा किंवा अडकित्ता ठेवतात. अदृश्याची भीती आणि तिच्यावरचा उपाय दोन्हीकडे सारखाच आहे.) शेवटच्या पन्नास पानांत कळते की "राजाने प्रजेसाठी दुसरे लग्न केलेच पाहिजे" हा सगळा आग्रह मंत्र्याने रचलेला बनाव होता. मंत्री मारला जातो, राजकन्या आपल्या गावी जाते, राजा-राणी गच्चीवर उभी राहतात आणि समुद्र दोन कोस अलीकडेच थांबलेला असतो. म्हणजे राजधर्म नावाची वस्तू मुळात नव्हतीच. ते खलपुरुषाने उभे केलेले बुजगावणे होते आणि ते पाडले की प्रेमाचा रस्ता मोकळा.

हाच तो घसरण्याचा दगड. कर्तव्य खरे ठेवले तर नायकाला काहीतरी गमवावे लागते, आणि वाचकाला ते रुचणार नाही या भीतीने लेखक कर्तव्यालाच खोटे ठरवतात. आपल्या जुन्या कथांना ही भीती नव्हती. उर्वशी आणि पुरूरव्याची गोष्ट घ्या. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात त्यांचा संवाद येतो तेव्हा सगळे संपलेले असते. तो परत ये म्हणतो आणि ती आपण वाऱ्यासारख्या आहोत, हाती लागणार नाही, असे सांगून त्याला घरी जायला सांगते. ते का संपले, हे शतपथ ब्राह्मणात सविस्तर आहे. तिच्या अटींपैकी एक अशी की राजा तिला विवस्त्र दिसता कामा नये. तिच्या पलंगाला दोन कोकरे बांधलेली असत आणि ती तिला पोटच्या पोरांसारखी होती. गंधर्वांना उर्वशी परत हवी होती म्हणून त्यांनी रात्री एक कोकरू पळवले, मग दुसरे. ती ओरडली की इथे जणू कोणी वीरच नाही, कोणी माणूसच नाही, असे माझे मूल नेत आहेत. पुरूरवा वस्त्र नेसण्यात वेळ जाईल म्हणून तसाच उठून धावला, गंधर्वांनी वीज चमकवली, तिने त्याला पाहिले आणि ती नाहीशी झाली.

इथे गंधर्वांना खलनायक म्हणायचे तर म्हणा, पण त्यांनी केले काय? राजाच्या कानावर एक आरोळी जाईल एवढीच व्यवस्था. आश्रिताला कोणी ओढून नेत असताना जो राजा आधी धोतर शोधतो, तो राजा नव्हे; आणि तो तसा नव्हता म्हणूनच तर तिचे त्याच्यावर मन बसले असणार. ज्या गुणासाठी तिने त्याला वरले, त्याच गुणाने अट मोडली.

शंतनूचेही तसेच. गंगेची अट, काही विचारायचे नाही. सात मुले तिने पाण्यात सोडली आणि हा गप्प राहिला. आठव्याला त्याने तिचा हात धरला. नवरा म्हणून तो चुकला, पण बाप म्हणून आणि वंशाला वारस देणे लागणारा राजा म्हणून तो त्याआधी सात वेळा चुकला होता, असे मला नेहमी वाटत आले आहे. ती निघून गेली. मुलगा मात्र वाढवून, शिकवून तिने परत आणून दिला, आणि इथून त्या गोष्टीचा दुसरा भाग सुरू होतो, ज्याच्या तोडीचा दुसरा भाग मला अजून कुठल्या भाषेत मिळायचा आहे. उतारवयाकडे झुकलेला राजा नावेवरच्या सत्यवतीवर भाळतो. तिचा बाप दाशराज, म्हणजे मासेमाऱ्यांचा मुखिया, व्यवहाराला पक्का. माझ्या मुलीचा मुलगा गादीवर बसणार असेल तरच मुलगी देतो म्हणतो. त्याचे काय चुकले? आमच्या किनाऱ्यावरचा कुठलाही शहाणा बाप हेच म्हणेल. आणि या सगळ्याची किंमत अप्सरेलाही लाजवील अशा त्या नदीच्या मुलाने भरायची: राज्य सोडले, लग्न सोडले, पुढे जन्मभर त्या गादीची राखण केली.

आमच्या ग्रामदेवता माउलीच्या जत्रेत नव्हे, शेजारच्या एका गावच्या जत्रेत, मी शाळेत असताना दशावतारात हे आख्यान पाहिले होते. सिंहासन म्हणजे एक लाकडी बाकडे, मागे पेटी, मृदंग आणि झांज, आणि संहिता कोणाच्याच हातात नाही. सगळी भाषणे नटांनी आयत्या वेळी रचलेली. देवव्रताने प्रतिज्ञा केल्यावर शंतनूचा राजपार्ट करणारा नट काही बोलेल म्हणून पेटीवाल्याने सूर धरून ठेवला. तो नट बोललाच नाही. बाकड्यावरून उठला, मुलाकडे पाठ केली आणि दोन्ही हातांनी आपला मुकुट सरळ करत राहिला. तो मुळात वाकडा झालेला नव्हता. बायकांच्या रांगेत माझ्या शेजारी बसलेली आजी "मेल्या, आता मुकुट सारखो करतंस?" असे पुटपुटली, ते मला आजही ऐकू येते. पहाटे दहीकाला झाल्यावर तोच नट डोक्यावर ट्रंक घेऊन एस्टीच्या दिशेने चाललेला दिसला. "रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा" ही म्हण दशावतारी नटांच्या हलाखीवरची आहे हे मला ठाऊक आहे, पण त्या दिवसापासून ती मला रात्रीच्या राजालाही लागू वाटते.

गोड शेवटाला माझा विरोध आहे असा कोणी समज करून घेऊ नये. कालिदासाने विक्रमोर्वशीयात याच उर्वशीची गोष्ट गोड केली आहे, पण त्याने हिशेब लपवलेला नाही. चौथ्या अंकाच्या सुरुवातीलाच कळते की राजा राज्याचा भार मंत्र्यांवर टाकून तिच्याबरोबर गंधमादनावर गेला आहे, आणि नेमकी तिथेच ती त्याला अंतरते. वेल बनून जाते आणि तो वेड्यासारखा मोराला, हत्तीला, नदीला तिचा पत्ता विचारत फिरतो. पाचव्या अंकात इंद्राने घातलेली मर्यादा आड येते: राजाने मुलाचे तोंड पाहिले की तिने स्वर्गात परतायचे. म्हणून तिने मुलगा च्यवनाच्या आश्रमात लपवून वाढवलेला असतो. तो समोर येतो, बापाला आनंद होतो आणि आई रडू लागते. शेवटी नारद निरोप आणतो की देवदानवांचे युद्ध येऊ घातले आहे, राजाने शस्त्र खाली ठेवू नये, आणि उर्वशी त्याच्या आयुष्यभर त्याच्यापाशी राहील. प्रेम टिकते ते राजाचे बाहुबळ इंद्राला हवे आहे म्हणून. कर्तव्य इथे खोटे पडत नाही, उलट तेच मोबदला म्हणून मोजले जाते.

जाता जाता एक सांगायला हवे, कारण ते आमच्या गावाशी जोडलेले आहे. उर्वशीचा तो लपवलेला मुलगा आयु, त्याचा मुलगा नहुष, आणि नहुषाचा मुलगा ययाती. त्या ययातीवर १९५९ साली कादंबरी लिहिणारे वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत आमच्या शिरोड्याच्या शाळेत शिकवत होते. सुखाच्या मागे लागलेला राजा आणि त्याचे बिल भरणारा मुलगा हा विषय या घराण्यात पिढीजात दिसतो, आणि पुढे शंतनूही त्याच वंशातला.

भाचीच्या पुस्तकात चांगले काहीच नाही असे म्हटले तर तो अन्याय होईल. मध्यावर एक छोटे प्रकरण आहे. राजा राणीच्या केसांतून हात फिरवताना थबकतो. एक केस पांढरा आहे. त्याला वाटते कोळिष्टकाचा धागा अडकला आहे, म्हणून तो हळूच ओढतो, आणि तो निघत नाही. त्याच्या लोकांत केस पिकतच नाहीत. ती आरशात त्याचा गोंधळलेला चेहरा पाहते आणि काहीही न सांगता त्याचा हात बाजूला करते. दीड पानाचा मजकूर आहे. ज्या लेखिकेला हे सुचते, तिला मिठागरवाल्याचे पुढे सुचले नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. तिने तो सोडून दिला.

हे सगळे मी भाचीला फोनवर सांगितले तेव्हा तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "मावशे, दिवसभर ऑफिसात कर्तव्यच चालू असता. रात्री पण तांच वाचू?" तिचे म्हणणे मला खोडता आले नाही. तिच्या वयात मीही खांडेकरांपेक्षा रहस्यकथावाल्या बाबूराव अर्नाळकरांची पाने जास्त उलटली आहेत. पण मग मी तिला विचारले की तुझ्या लक्षात कुठला प्रसंग राहिला, गच्चीवरचा शेवट की पायरीवरचे मीठ. बराच वेळ ती काही बोलली नाही; मग म्हणाली, "तो माणूस परत येतलो असां माका पण वाटला होता."

तिसरा भाग दिवाळीच्या आसपास येणार आहे असे ती सांगते. मी तिला तो मागवून ठेवायला सांगितले आहे. मात्र पाठवण्याआधी भरती सोडली की नाही तेवढे पाहून कळव, म्हणजे तोपर्यंत आमच्याकडचे यंदाचे मीठ भरून ठेवायला मला वेळ मिळेल.