‘झाडे आड आली तरी वायरलेस लिंक चालते’ या दाव्याचा प्रतिवाद

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो आहे. गावात फायबर आले, पण शेतघरापर्यंत किंवा ओढ्यापलीकडच्या वाडीपर्यंत ते येत नाही, अशांसाठी त्यात उपाय सुचवला आहे. ५ गीगाहर्ट्झच्या दोन डिश समोरासमोर बसवून तारेवाचून इंटरनेट जोडणी, म्हणजे वायरलेस लिंक, करावी. खोक्यावर १५ किलोमीटर लिहिलेले असल्याने तीन किलोमीटरला झाडे आड आली तरी बिघडत नाही. सिग्नल कमी पडल्यास पॉवर वाढवावी. पावसाळ्यात लिंक तुटली तर तो पावसाचा दोष समजावा. परवान्याची भानगड नाही. अडचण खरी आहे आणि माणसे या भरवशावर पदरचे पैसे घालत आहेत, म्हणून एकेक मुद्दा तपासणे आवश्यक वाटते.

खोक्यावरचा आकडा खोटा नसतो. तो मोकळ्या हवेचा असतो. याच पट्ट्यातली ५.८ गीगाहर्ट्झची लहर तीन किलोमीटर मोकळ्या जागेतून जाताना सुमारे ११७ डेसिबेल क्षीण होते (डेसिबेल हे घटीचे माप, दर दहा डेसिबेलला शक्तीचा दहावा भाग उरतो), आणि एवढी घट गृहीत धरूनच ही उपकरणे बनवलेली असतात. झाडांचे नुकसान यात धरलेलेच नसते. अभियंते त्यासाठी वाइसबर्गर यांचे सूत्र अंदाजापुरते वापरतात. त्याप्रमाणे पाने असलेल्या झाडीतून ५.८ गीगाहर्ट्झची लहर ३० मीटर गेली तर आणखी १६ डेसिबेल आणि १०० मीटर गेली तर सुमारे ३३ डेसिबेल जातात. ३३ डेसिबेल म्हणजे पोहोचू शकणाऱ्या शक्तीचा दोन हजारावा भाग हाती लागणे. काजूच्या एका बागेची रुंदीच शंभर मीटर सहज भरते, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको.

‘आमच्याकडे तर झाडे असूनही चालते’ असे सांगणारे खोटे बोलतात असे मात्र नाही. त्यांनी लिंक कोणत्या महिन्यात जोडली, एवढेच विचारावे. आमची जोडणी मार्चमधली. मध्ये बांधालगत सागवानाचा जेमतेम चाळीस मीटरांचा पट्टा आणि त्यात चार-दोन ऐन. सागवान तेव्हा निष्पर्ण होते, फांद्यांतून पलीकडचे कौलारू छप्पर स्पष्ट दिसत होते, आणि मोबाइलवर लिंकच्या सिग्नलचा आकडा उणे ६० दाखवत होता. हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला, हे ठाऊक असल्याने बसवणारा हात झटकून निघून गेला. जूनमध्ये पालवी मोठी झाली. जुलैत एका सकाळी पाहिले तर उणे ७९, आणि वाऱ्याची झुळूक आली की आकडा वर-खाली नाचायचा. बसवणाऱ्याला फोन केला, तर त्याने डिश थोडी फिरवून पाहायला सांगितले. मी फिरवली आणि होते तेही घालवून बसलो.

याचे कारण पानातल्या पाण्यात आहे. ५.८ गीगाहर्ट्झच्या लहरीची लांबी पाच सेंटिमीटरच्या आसपास असते, आणि सागाचे एक पानच हातभर. पाण्याने भरलेली, लहरीहून कितीतरी मोठी अशी हजारो पाने वाटेत आली की लहर काही अंशी शोषली जाते आणि उरलेली भलतीकडे विखुरते. त्यावर पाऊस पडून पाने निथळू लागली की नुकसान आणखी वाढते.

म्हणूनच दोष पावसावर ढकलणे चुकीचे आहे. ताशी १०० मिलिमीटरच्या कोसळधारेतही या वारंवारतेला हवेतल्या पावसाने होणारे नुकसान किलोमीटरमागे एक डेसिबेलच्या आसपास असते. तीन किलोमीटरला तीन डेसिबेल धरा. कणकुंबीकडचा पाऊस कितीही जोराचा असला तरी धडधाकट लिंक तेवढ्याने पडत नाही. पडते ती आधीच पानांनी खाल्लेली लिंक. पाऊस थांबून तासभर झाला तरी सिग्नल सुधारत नसेल, तर गुन्हेगार झाडावरच बसला आहे असे समजावे.

पॉवर वाढवण्याच्या सल्ल्यात दोन अडचणी आहेत. लिंक दुहेरी असते. एका टोकाने आवाज चढवला तरी दुसऱ्या टोकाचे बोलणे त्याला ऐकू येण्यास मदत होत नाही. शिवाय अँटेनासह बाहेर पडणाऱ्या शक्तीला कायद्याने मर्यादा घातली आहे, उदाहरणार्थ २.४ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यात ती ४ वॅट आहे. मोठी डिश ऐकण्याच्या बाजूने उपयोगी पडते हे मान्य. पण झाडीतून आलेली लहर अनेक दिशांनी विखरून येते आणि मोठ्या डिशची नजर अरुंद असते, त्यामुळे कागदावरचा फायदा पुरता मिळत नाही.

परवान्याबाबत संदेश बराचसा बरोबर आहे. २.४ गीगाहर्ट्झ आणि ८६५ मेगाहर्ट्झचे पट्टे २००५ पासून, तर ५ गीगाहर्ट्झचे पट्टे २०१८ च्या नियमांनी ठरावीक शक्तीपर्यंत परवानामुक्त झाले आहेत. झाडे तोडायला मात्र तशी मोकळीक नाही. कर्नाटकात त्यासाठी १९७६ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. तेव्हा लिंकसाठी कुऱ्हाड उचलण्याआधी वनखात्याकडे जावे लागते.

‘समोरचे घर दिसले की झाले’ हे संदेशात लिहिलेले नसले तरी गृहीत धरलेले आहे. लहर दोरीसारखी सरळ जात नाही, तिला मध्यभागी फुगलेली जागा लागते. तिला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. तीन किलोमीटरच्या लिंकला मध्यावर तिची त्रिज्या सुमारे सहा मीटर असते, आणि त्यातला निदान साठ टक्के भाग, म्हणजे पावणेचार मीटर, मोकळा हवा. शेंड्यांच्या एक मीटर वरून छप्पर दिसले म्हणून भागत नाही. वाटेत नीलगिरीची लागवड असेल तर ती दरवर्षी दोन-तीन मीटर सहज वाढते, याचाही हिशोब खांब उभा करतानाच धरावा.

मग करायचे काय? झाडांच्या वरून जाता आले तर उत्तम. पण उंच लोखंडी पाइपला ताणाच्या तारा आणि अर्थिंग नीट हवे, कारण आपल्याकडे वळवाच्या विजा कशा पडतात ते सर्वांनी पाहिले आहे. टाकीतली पाण्याची पातळी किंवा पंपाची स्थिती एवढेच कळायला हवे असेल, तर ८६५ मेगाहर्ट्झची लोरा उपकरणे (छोटे संदेश संथपणे पण लांबवर पाठवणारी) पाहावीत: शंभर मीटर झाडीत त्यांचे नुकसान १९ डेसिबेलच्या आसपास राहते आणि अत्यंत क्षीण सिग्नलही ती ओळखतात. अर्थात त्यांचा वेग सेकंदाला काही शे ते काही हजार बिट, त्यावर कॅमेरा चालणार नाही.

आम्ही तिसरा मार्ग धरला, वळसा घालण्याचा. सरळ रेषेपासून बाजूला, माळाच्या कडेला एका परिचितांचे घर आहे, तिथून दोन्ही टोके झाडांवाचून दिसतात. त्यांच्या गच्चीवर दोन डिश पाठीला पाठ लावून बसवल्या. एक टप्पा १.९ किलोमीटरचा, दुसरा १.६ चा. खर्च जवळजवळ दुप्पट झाला, आणि त्यांच्याकडची वीज गेली की आमचेही इंटरनेट जाते, म्हणून तिथे एक बॅटरी ठेवावी लागली. दोन्ही टप्प्यांवर आकडा उणे ५५ च्या आसपास असतो, आणि पुढच्या जुलैत सागवान पानांनी भरले तेव्हाही तो तिथेच होता.