खुलासा: अंड्यांच्या ट्रेने खोली साउंडप्रूफ होत नाही

अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवले की खोली साउंडप्रूफ होते आणि गाणंही सुरेख ऐकू येतं, असा मेसेज पुन्हा फिरतोय. दोन्ही दावे चुकीचे आहेत.

शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज अडवायला वजनदार भिंत आणि फटी बुजवलेलं दार लागतं. पुठ्ठ्याला वजनच नाही. खोलीतला घुमारा ही वेगळी गोष्ट. १०० हर्ट्झच्या, म्हणजे खालच्या पट्टीतल्या आवाजाच्या लहरीची लांबी जवळजवळ ३.४ मीटर असते. तिच्यापुढे ट्रे काय, इंचभर फोमही निष्प्रभ. पातळ थर फक्त वरच्या पट्टीतले आवाज शोषतो; तो सगळ्या भिंतींवर लावला, की तंबोऱ्याची जवारी (तारांचा झणत्कार) मंदावते आणि डग्गा मात्र घुमतच राहतो. गाण्याचा असा तोल जाणं खरंच जिवाला लागतं.

उपयोग होतो तो कापडाने मढवलेल्या, ४ इंच जाड रॉकवूलच्या (दगडापासून बनवलेल्या लोकरीसारख्या तंतूंच्या) पॅनेलचा, तोही भिंतीपासून थोडं अंतर सोडून. जागा ठरवायला ऐकायच्या खुर्चीत बसा आणि कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा; आरशात स्पीकर दिसेल तिथे पॅनेल लावा. कोपऱ्यांत आणखी जाड. लावलेले ट्रे मात्र आजच काढा, तो कागद वायरिंगशेजारी चटकन पेट घेतो.