कुंडीत रंग ओतून गांजाचं बोंड जांभळं होत नाही

परवा मावसभावाचा मेसेज आला : "ताई, तीन कुंड्यांत खाण्याचा निळा रंग घातलाय. आठवड्यात बोंडं जांभळी होतील ना?" तो राहतो तिथे घरी गांजाची मोजकी झाडं लावायला कायद्याने मुभा आहे, त्यामुळे माझा राग झाडांवर नाही. राग आहे तो त्याने वाचलेल्या फॉरवर्डवर. त्यातले चार दावे असे : जांभळं बोंड हिरव्यापेक्षा कडक, म्हणजे जास्त नशेचं असतं, शेवटचे पंधरा दिवस मुळांना बर्फाचं पाणी द्या, पाण्यात लिंबू पिळलं की बोंड गुलाबी होतं, आणि घाई असेल तर खाण्याचा रंग ओता.

रंगाचंच आधी घेते, कारण तो शेवटी माणसाच्या छातीत जाणार आहे. पांढरं फूल शाईच्या पाण्यात ठेवलं की पाकळ्या रंगतात, हे शाळेत सगळ्यांनी पाहिलंय. पण ते फूल तोडलेलं असतं, देठातल्या नळ्या उघड्या असतात. जिवंत मुळाला असं उघडं तोंड नसतं. मुळाच्या आत पेशींचं एक कडं असतं आणि त्या पेशींच्या भिंतींत पाणी न झिरपू देणारी पट्टी. वर जायचं ते पेशीच्या पडद्यातून गाळूनच जातं. म्हणून बराचसा रंग मातीतच राहतो. मुळं दुखावलेली असतील तर थोडा वर चढेलही, आणि ते जास्त वाईट. खाण्याचा रंग पोटात जाण्यासाठी तपासलेला असतो. जाळून त्याचा धूर फुप्फुसात ओढण्यासाठी तो कुणी तपासलेला नाही. हे लिहिणाऱ्याला एवढंही सुचू नये?

"जांभळं म्हणजे कडक" हेही खोटं. जांभळा रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा. ते पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या पाण्याच्या पिशवीत, विरघळलेलं असतं. नशा आणणारं टीएचसी गाओनी आणि मेकूलम या शास्त्रज्ञांनी 1964 मध्ये वेगळं केलं. ते बोंडावरच्या चिकट ट्रायकोममध्ये, म्हणजे केसांसारख्या बारीक ग्रंथींत, तयार होतं आणि त्याचा जांभळ्या रंगाशी संबंध नाही. एखादं वाण जांभळंही असेल आणि कडकही, पण एकावरून दुसरं ओळखता येत नाही. बोंड तयार झालं का हे बघायचं तर भिंगाखाली ट्रायकोम बघावेत : आधी पारदर्शक, मग दुधी, मग पिवळसर तपकिरी.

लिंबाच्या दाव्यामागे मात्र खरं विज्ञान आहे, ते मोडूनतोडून वापरलंय. रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड विलस्टॅटर यांना वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरच्या कामासाठी 1915 चं नोबेल मिळालं. लाल गुलाब आणि निळं कॉर्नफ्लॉवर यांत मूळ रंगद्रव्य एकच, सायनिडिन, हे त्यांनी दाखवलं. अँथोसायनिन आम्लात लाल होतं हेही खरं. पण रिक्तिकेतला सामू (पीएच, म्हणजे आम्लपणाचं माप) झाड स्वतः सांभाळतं. कुंडीत लिंबू पिळून तो हलत नाही. हायड्रेंजिया या फुलझाडाचं उदाहरण कुणी देईलच. मातीच्या सामूप्रमाणे त्याचा रंग बदलतो, मान्य. पण तिथे आम्ल मातीत मोकळं झालेलं अ‍ॅल्युमिनियम फुलापर्यंत पोचतं आणि तो रंग निळा होतो, गुलाबी नाही. गांजाच्या कुंडीत सामू फार उतरला तर स्फुरद (फॉस्फरस) मातीत अडकतं आणि झाड उपाशी राहतं; त्या उपासमारीनेही देठ जांभळे पडू शकतात.

थंडीचं अर्धं खरं आहे, एवढं नाइलाजाने कबूल करते. रात्रीची हवा गार असली की रंग खुलतो, पण ज्या वाणाच्या रक्तातच जांभळा आहे त्याचाच. बर्फाच्या पाण्याने मुळं गारठतात, पाणी ओढत नाहीत आणि पानं माना टाकतात. त्यात हवा दमट असेल तर दाट बोंडात करडी बुरशी शिरायला वेळ लागत नाही.

त्या तीन कुंड्यांतली झाडं टाकून दे, असं त्याला कळवलंय. चौथ्या कुंडीत रंग घातलेला नाही; तिच्या पानांचे देठ जांभळे दिसायला लागले म्हणून तो खूश आहे. तिला लिंबाचं पाणी किती दिवस दिलंस, हे मी आधी विचारलंय.